मदत हवी आहे: आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरला कॅम्पसची जुनी पाण्याची लाइन पुरेल का?

कॅम्पसवरच्या चार मजली इमारतीचं नूतनीकरण चालू आहे, त्यात पहिल्यांदाच स्प्रिंकलर बसणार आहेत. वर्गखोल्या लाइट हॅझर्डमध्ये (आगीचा धोका कमी असलेल्या वर्गात) धरल्या: 139 चौरस मीटरवर मिनिटाला 4.1 मिमी, म्हणजे मिनिटाला किमान 570 लिटर. आग विझवायच्या होजचं (लवचीक पाइपचं) पाणी वेगळं. एवढं पाणी मिळेल, खरी काळजी दाबाची आहे. हायड्रंट (आगीसाठी पाणी घ्यायचा मोठा नळ) बंद असताना गेज छान दाब दाखवतो, पण शेजारचा उघडला की काटा झपकन खाली येतो. आतून गंजलेला बिडाचा पाइप, की कुठेतरी अर्धवट बंद राहिलेला व्हॉल्व्ह? तुम्ही कसं ओळखता? पाणी वरच्या मजल्यापर्यंत चढतानाच सव्वा बार दाब जातो. दाब वाढवणारा बूस्टर पंप थेट लाइनवर घ्यावा की स्वतंत्र टाकी बांधावी? रात्री उशिरापर्यंत मुलं इथे अभ्यासाला बसतात, अंदाजावर काहीच सोडायचं नाहीये. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.