मदत हवी आहे : गॅसवरचे पॉपकॉर्न, बटर पडलं की मऊ!

मंडळी, हसू नका. दोन आठवड्यांत पाच वेळा पॉपकॉर्न केले आणि पाचही वेळा नव्या तऱ्हेने बिघडवले. मायक्रोवेव्हची पाकिटं नको आहेत. सुटे दाणे गॅसवर फोडायचे आणि वर बटरची चव हवी, एवढीच अपेक्षा.

पहिल्यांदा सरळ पातेल्यात बटरच घातलं. फेस आला, बसला, तळाशी तपकिरी कण दिसले, ते काळे पडले, धूर झाला आणि तेव्हा कुठे पहिला दाणा फुटला. खाताना सगळं करपट.

दुसऱ्यांदा तेलात फोडले. छान फुलले, पांढरेशुभ्र. मग बटर नुसतं वितळवून वरून ओतलं. ओतताक्षणी बारीक 'चिस्स' आवाज, आणि धार पडली तिथल्या लाह्या डोळ्यांदेखत आक्रसल्या. उचलून पाहिलं तर ओला कापूस. बाजूच्या मात्र कोरड्या ठणठणीत. तिसऱ्यांदा बटर कमी केलं, तर चवच नाही. चौथ्या-पाचव्या वेळी बटर घालायच्या आधीच लाह्या वातड, शिवाय तळाशी मूठभर गणंग.

पातेलं जाड बुडाचं, झाकण काचेचं आणि घट्ट बसणारं, आच मोठी. अर्धी वाटी दाणे, तीन चमचे तेल. दाणे वर्षभर फ्रिजमध्ये उघड्या पाकिटात होते (हे लिहितानाच मला उत्तर दिसायला लागलंय). मीठ शेवटी भुरभुरवते, ते सगळं तळाशी जाऊन बसतं.

नक्की कुठे चुकतंय?

प्रतिसाद :
बटरऐवजी तूप घाला. विषय संपला.

धागाकर्ती :
दादा, तूप घालून पाहिलं असतं, पण मग ते तुपातले पॉपकॉर्न झाले. मला बटरचा वास हवाय हो.

प्रतिसाद :
ताई, तूपवाल्या दादांनी रोग बरोबर ओळखलाय, औषध फक्त जरा जास्त झालं.

बटरमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश, १६ ते १८ टक्के पाणी आणि उरलेले दुधातले घन कण. दाणा फुटतो १८० अंश सेल्सियसच्या सुमारास. ते दुधाचे कण त्याच्या बरेच आधी, १५० च्या आसपास करपायला लागतात. म्हणजे बटरमध्ये दाणे फोडायचे तर दाणा फुटायच्या आधी बेरी जळणारच. तुमचा पहिला प्रयोग तिथेच संपला.

दुसऱ्या वेळचं 'चिस्स' म्हणजे बटरमधलं पाणी. लाही म्हणजे काय, तर वाळून कडक झालेला पिठाचा फेस. त्याला पाणी लागलं की तो बसतो. बटर जास्त झालं म्हणून लाह्या मऊ पडल्या नाहीत, ओलं होतं म्हणून पडल्या. म्हणून कमी घालूनही उपयोग झाला नाही.

तेव्हा दाणे तेलातच फोडा आणि बटर शेजारच्या शेगडीवर छोट्या भांड्यात मंद आचेवर ठेवा. बघत बसू नका, ऐका. आधी तडतडेल, मग तडतड विरळ होईल. ती जवळजवळ थांबली की पाणी संपलं. त्या वेळी तळाचे कण बदामी असतील, लगेच उतरवा. तुम्हाला हवा तो वास त्या बदामी कणांतच असतो, त्यामुळे गाळायचं नाही. पुढे मिनिटभर जरी राहिलं तरी कडू.

ओततानाही एका धारेत नको. लाह्या मोठ्या परातीत काढा, चमचा-चमचा बटर घाला, प्रत्येक वेळी खालवर करा.

गणंगांचं म्हणाल, तर दाण्यात १३-१४ टक्के पाणी असावं लागतं. त्याची वाफ आत कोंडते, दाब हवेच्या दाबाच्या नऊपटीपर्यंत चढतो आणि मग साल फुटतं. फ्रिजच्या कोरड्या हवेत वर्षभर उघडं राहिल्यावर वाफ व्हायला पाणी उरतंय कुठे? दोन-तीन वाट्या दाणे बरणीत घाला, त्यावर पोह्यांचा एक चमचा पाणी, झाकण घट्ट, दिवसातून एकदा हलवा, तीन-चार दिवस. बरेचसे सुधारतात. साल चिरलेला दाणा मात्र काही केल्या फुटत नाही, त्यातून वाफ निसटते.

प्रतिसाद :
झाकणाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही? घट्ट झाकणाखाली वाफ कोंडते, थेंब होऊन लाह्यांवर पडते. वातडपणा तिथला. झाकण बोटभर तिरकं ठेवा, फट स्वतःपासून पलीकडे.

आणि आच मध्यम ठेवा. मोठ्या आचेवर साल आधी तापतं, आतलं मागे राहतं, लाही अर्धवट फुलते. मी तेलात तीन दाणे टाकते. तिन्ही फुटले की बाकीचे घालून पातेलं अर्धा मिनिट गॅसवरून खाली उतरवते आणि मग परत ठेवते. सगळे दाणे सारखे तापतात, एकदम फुटतात. दोन फटाक्यांमध्ये दोन सेकंद जायला लागले की बंद.

मीठ मिक्सरमध्ये पिठीसारखं करा. खडबडीत कण लाहीवर टिकत नाही.

तूपवाले दादा :
बटर 'जवळजवळ थांबेपर्यंत' तडतडवायचं म्हणजे तूपच की. मी हेच म्हणत होतो.

प्रतिसाद :
दादा, तुपात बेरी गाळून टाकता ना? इथे ती खायची आहे. भांडण तेवढंच.

धागाकर्ती :
काल केले. दाणे नवीन आणले, जुने बरणीत पाणी घालून ठेवलेत.

अर्धा मिनिट खाली ठेवायची युक्ती अफाट आहे. आधी अगदी शांतता, मला वाटलं बिघडलंच, आणि मग एकदम असा भडिमार सुरू झाला की झाकण हातानं धरावं लागलं. फट चुकून माझ्याच बाजूला होती. मनगटावर तेलाचा थेंब उडाला, तेव्हा 'पलीकडे' या शब्दाचा अर्थ कळला.

बटर कान देऊन केलं. तडतड थांबली तेव्हा वास असा सुटला की दुसऱ्या खोलीतून विचारणा झाली. ओतताना 'चिस्स' नाही! एकही लाही आक्रसली नाही. गणंग मोजले, अकरा. एकच चूक, बटर आधीच खारं होतं आणि मी वर पिठी मीठही सढळ हातानं घातलं. पाणी पीत पीत संपवले, पण संपवले.

बरणीतल्या जुन्या दाण्यांचे परवा करणार आहे, तोवर धागा उघडा ठेवते.