गार्ड त्यानेच काढला होता, मग भरपाई कशाला?

रातपाळी:
पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनवर, कुणाची बोटं गेली की चौकशीचा कागद एका वाक्यात संपतो: "कामगाराने स्वतः गार्ड काढला होता." वाक्य बहुधा खरंही असतं. पण हात आत जाऊ नये म्हणून असलेला हा गार्ड लावला की जॉब, म्हणजे बनवायचा तुकडा, अडकतो, तासाचे पीस भरत नाहीत, म्हणून तो महिनाभर मशीनमागे भिंतीला टेकलेला असतो. येता-जाता प्रत्येक साहेब तो बघतो. दिसतो मात्र अपघाताच्या दिवशीच. माझं म्हणणं सरळ आहे, भरपाई देताना चूक कुणाची हे विचारूच नये.

शॉपफ्लोअर:
असहमत. पंधरा वर्षं सुपरवायझर आहे. दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक, म्हणजे मशीनचा दाब, पडत नाही अशी सोय करून दिली, तर एका बटणात लाकडाची पाचर ठोकून हात मोकळा केलेला मी स्वतः पकडलाय. लेखी समज दिली, चार दिवसांनी पाचर परत जागेवर. चूक विचारायचीच नाही तर नियम पाळणाऱ्याने ते कशाला पाळायचे?

ग्रीसवाला:
मेंटेनन्सवाला बोलतोय. पाचरीने चालतं ते दोन-हाती कंट्रोल म्हणायच्या लायकीचं नाही. नीट सर्किटमध्ये दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबावी लागतात, आणि दर वेळी दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक मिळत नाही. पाचर ठोकली की मशीन उभं. तुमच्याकडे बहुतेक दोन बटणं नुसती सिरीजमध्ये जोडलीत, दोन्ही दाबलेली असली की झालं.
आणि लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा, बसवला की सुटलो, असं कुणी सांगण्याआधीच: जुन्या क्लचच्या प्रेसला त्याचा उपयोग नाही. तो क्लच एकदा गुंतला की फेरी पूर्ण होईपर्यंत रॅम, म्हणजे वरून खाली येणारा जड भाग, थांबत नाही. कर्टनने हात पाहिला तरी थांबवायचं कशाने? तिथे डायभोवती, म्हणजे साच्याभोवती, बोट शिरणार नाही अशी जाळीच हवी.

शॉपफ्लोअर:
सर्किट तपासतो. पण मुद्दा भरपाईचा होता.

जुनी फाईल:
हा वाद फार जुना आहे. इंग्लंडमध्ये १८३७ च्या प्रिस्टली विरुद्ध फाउलर खटल्यापासून मालकांना ढाल मिळाली: सहकाऱ्याच्या चुकीने लागलं तर मालक जबाबदार नाही. जोडीला आणखी दोन: धोका माहीत असून काम पत्करलंस, आणि थोडी तुझीही चूक होती. कोर्टात जिंकणं दुरापास्त. जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विमा आणला, ब्रिटनने १८९७ मध्ये कायदा केला. सौदा असा की मालकाची चूक सिद्ध करावी लागणार नाही, पण रक्कम मर्यादित. म्हणजे कामगारानेही काही सोडलंय.

शॉपफ्लोअर:
त्याच १८९७ च्या कायद्यात जाणूनबुजून केलेल्या गंभीर गैरवर्तनाला भरपाई नव्हती. ते सोयीस्कर गाळलंत.

जुनी फाईल:
बरोबर, गाळलं. आता पुढचंही घ्या: १९०६ मध्ये ते बदललं. मृत्यू किंवा कायमचं गंभीर अपंगत्व आलं तर गैरवर्तनाचं कारण सांगून भरपाई नाकारता येणार नाही, असं झालं.

डावखुरा नाइलाजाने:
उजव्या हाताची दोन बोटं गेली. गार्ड मीच काढलेला. पैसे तक्त्याप्रमाणे मिळाले, या बोटाला इतके टक्के, त्या बोटाला तितके. अंगठा असता तर जास्त. तक्त्यात शर्टाचं बटण नाही. सहा महिने गळ्याजवळचं बटण बायको लावायची. गारठ्यात टोकं ठणकतात, हात काखेत धरून झोपतो. आणि नसलेल्या बोटाच्या नखाखाली खाज सुटते. खाजवायचं कुठे?
परत घेतलं, 'हलकं काम' म्हणून मोजणीच्या टेबलावर. ओव्हरटाइम बंद. डायसेटर होतो हो मी. डाय बसली की नाही हे बोटाने चाचपून कळायचं.
चूक माझीच, साहेब. पण ज्याने मला मशीन शिकवलं तोही गार्डशिवायच चालवायचा.

शॉपफ्लोअर:
वाईट वाटलं वाचून. भरपाईबद्दल मी थोडा मागे येतो. पण समजा उद्या गार्डशिवाय मशीन सुरूच करू दिलं नाही आणि पीस कमी पडले, तर वर उत्तर कोण देणार?

रातपाळी:
तुम्ही. सुपरवायझर तुम्ही आहात ना?