जुना डीएसएलआर कधी बदलावा आणि बदलताना काय पाहावं? – अनुभव धागा

दहा-बारा वर्षं वापरलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) अजून चालतो आहे, पण बदलावा की आणखी काही वर्षं काढावीत, हे ठरत नाही. अशा वेळी 'नवीन घ्या, खूप फरक पडतो' या सल्ल्याचा काही उपयोग होत नाही. कोणता फरक, कोणत्या कामात आणि किती, ते कळायला हवं. जाणकारांनी नेमकं लिहावं ही विनंती. जुन्या बॉडीची (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याची) तबियत कशी तपासायची, आधी लेन्स की आधी बॉडी, मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) जाताना जुन्या लेन्सचं काय होतं, यावर आकडे आणि कारणं आली तर वाचणाऱ्यांना स्वतःचा निर्णय स्वतः घेता येईल. (खाली प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

स्क्रूड्रायव्हर

आधी तपासणी. कॅमेरा थकला आहे की फक्त जुना झाला आहे, हे तासाभरात कळतं.

शटर (फोटो काढताना उघडझाप करणारे पडदे) किती वेळा उडालं तो आकडा काढा. निकॉनमध्ये तो फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो. कॅमेऱ्यातून थेट आलेली फाइल एक्झिफटूलने (फोटोतली लपलेली माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडली की दिसतो. संपादन केलेली फाइल घेऊ नका, त्यातून ही माहिती बऱ्याचदा गळलेली असते. कॅननच्या बहुतेक बॉडींत तो फाइलमध्ये नसतो, यूएसबी जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. सुरुवातीच्या वर्गातल्या बॉडींचं शटर साधारण १ लाख, मधल्या वर्गातल्यांचं (निकॉन डी७०००, कॅनन ५डी मार्क २) १.५ लाख, निकॉन डी३ चं ३ लाख आणि कॅनन १डी एक्सचं ४ लाख फोटोंपर्यंत चाचणी केलेलं असतं. त्याआधीही शटर जाऊ शकतं आणि त्यानंतरही बरंच चालू शकतं.

म्हणून आकड्यावर न थांबता शटर प्रत्यक्ष तपासा. दिवसाच्या उजेडात एकसारखी उजळलेली भिंत घ्या. ट्यूब किंवा एलईडीखाली ही चाचणी करू नका, दिव्याच्या लुकलुकण्याने पट्टे येतात आणि दोष शटरचा वाटतो. मॅन्युअल मोड, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडं, फोकस मुद्दाम हललेला. १/२५० ला दहा आणि कॅमेऱ्याच्या सर्वांत जास्त वेगाला (१/४००० किंवा १/८०००) दहा फोटो काढा, प्रत्येक वेगाला आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) असा ठेवा की भिंत मध्यम करडी दिसेल. जास्त वेगाला फ्रेमची एक बाजू काळवंडत असेल, किंवा दहांतला एखादा फोटो वेगळाच उजळ येत असेल, तर शटरचे पडदे एकमेकांशी जुळत नाहीत.

हेच एफ/११ वर (छिद्र लहान करून) पुन्हा करा. उघड्या अ‍ॅपर्चरला सगळे फोटो सारखे आणि एफ/११ ला कमीजास्त उजळ, असं दिसलं तर शटर निर्दोष आहे. लेन्सची पाती चिकटत आहेत किंवा पाती हलवणारी दांडी वाकली आहे. शटर गेलं म्हणून बॉडी बदलायची आणि दोष लेन्सबरोबर नव्या बॉडीवर न्यायचा, हे यामुळे टळतं.

सगळ्यात जास्त गैरसमज फोकसचा. 'जुना कॅमेरा आता शार्प फोटो देत नाही' ही तक्रार बऱ्याचदा सेन्सरची (चित्र टिपणाऱ्या चिपची) नसते. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना आरशाखालचा वेगळा सेन्सर अंतर मोजतो. आरशामागचा छोटा आरसा किंचित सरकला की फोकस पुढे-मागे पडतो. कॅमेरा तिपाईवर ठेवा, लेन्सच्या फोकल लांबीच्या २५ ते ५० पट अंतरावर (५० मिमीला सव्वा ते अडीच मीटर) छापील मजकूर सरळ समोर लावा. एक फोटो लाइव्ह व्ह्यूने (मागच्या पडद्यावर पाहून), एक व्ह्यूफाइंडरने, दोन्ही अ‍ॅपर्चर उघडं ठेवून. प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम हलवा. लाइव्ह व्ह्यूचा फोटो सातत्याने चांगला आणि दुसरा मऊ आला तर मेनूतल्या एएफ फाइन ट्यून किंवा मायक्रोअ‍ॅडजस्टमेंटमध्ये −२० ते +२० या पट्ट्यात सुधारणा करा. सुरुवातीच्या वर्गातल्या बॉडींत ही सोय नसते, ते काम सर्व्हिस सेंटरला करावं लागतं. तरी ते बॉडी बदलण्यापेक्षा स्वस्तच.

बाकी किरकोळ. सुटलेलं रबर नव्या दुहेरी टेपने बसतं. तारीख सारखी पुसली जात असेल तर आतला छोटा सेल संपला आहे. काही बॉडींत तो स्वतः बदलता येतो, काहींत मदरबोर्डवर डाखलेला असतो. मुख्य बॅटरीचं वय निकॉनच्या बऱ्याच मॉडेलांत मेनूत ० ते ४ असं दिसतं. ४ म्हणजे बॅटरी बदला, कॅमेरा नाही. सीएफ कार्डाच्या खाचेतली पिन वाकली असेल तर मात्र कार्ड जोराने दाबू नका, शेजारच्या पिनेला टेकली तर शॉर्ट होऊन खर्च वाढतो.

बॉडी खरोखर सोडायची वेळ म्हणजे शटर किंवा आरशाची यंत्रणा गेली आहे आणि मूळ सुटे भाग मिळणं बंद झालं आहे.

कच्ची फाइल

वरची तपासणी झाली आणि बॉडी ठणठणीत निघाली, तरी 'अंधारात नॉइज (दाणेदारपणा) फार येतो' हे कारण उरतंच. त्यासाठी आधी जुन्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइल आजच्या सॉफ्टवेअरने पुन्हा उघडून पाहा. अडोबीचं एआय डिनॉइज २०२३ मध्ये आलं, डीएक्सओ प्युअररॉ त्याही आधीपासून आहे. आयएसओ ३२०० ची जुनी रॉ त्यातून काढली की बऱ्याच जणांची गरज तिथेच भागते. जेपीईजीवर हा फायदा मिळत नाही, म्हणून निदान आता तरी रॉमध्ये काढायला लागा.

सेन्सरमध्ये खरा फरक कधी पडला, तेही पाहा. २०१० मध्ये निकॉन डी७००० आणि पेंटॅक्स के-५ मधल्या १६ मेगापिक्सेल सेन्सरने सावलीतला तपशील उचलण्याची क्षमता एकदम वाढवली. कॅननच्या एपीएस-सी (३५ मिमी फिल्मएवढ्या फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) बॉडींत तशी मोठी सुधारणा २०१६ च्या ८०डी पासून दिसते. म्हणजे ५डी मार्क २ किंवा ६०डी वापरणाऱ्याला सावल्या उजळताना पट्टे दिसत असतील तर नवीन बॉडीचा फायदा पहिल्याच फोटोत कळेल. निकॉन डी७२०० किंवा डी७५० वापरणाऱ्याला कमी आयएसओवर फरक शोधावा लागेल.

मेगापिक्सेलचं गणित तर निव्वळ वर्गमूळ आहे. १२ वरून २४ झाले की लांबी-रुंदीत १.४१ पटच वाढ होते. १२ मेगापिक्सेलचा ४२८८ × २८४८ फोटो ३०० पीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) सुमारे १४.३ × ९.५ इंच छापता येतो. त्याहून मोठं छापत नसाल आणि फार कापाकापी करत नसाल, तर मेगापिक्सेलसाठी बदलू नका.

एक खर्च मोजायचा राहून जातो तो संगणकाचा. ४५ मेगापिक्सेलची रॉ साधारण ५० एमबीची, म्हणजे १२ मेगापिक्सेलवाल्याची साठवणूक तिप्पट-चौपट होते. शिवाय जुनं लाइटरूम ६ नव्या बॉडींची रॉ ओळखत नाही. कॅननची सीआर३ फाइल तर २०१८ पासूनची. अडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर (रॉ फाइल डीएनजी प्रकारात बदलणारा) मधे घालून काम चालतं, पण प्रत्येक वेळी एक पायरी वाढते. डार्कटेबल किंवा रॉथेरपी मोफत आहेत. तुमची होणारी बॉडी त्यांच्या यादीत आहे का, ते खरेदीआधी पाहा.

तिपाई

कच्ची फाइल यांचं सेन्सरबद्दल बरोबर आहे, पण अंधाराचा प्रश्न आधी लेन्सने सुटतो असं माझं ठाम मत आहे. किट लेन्स ५० मिमीला एफ/५.६ वर असते. साधी ५० मिमी एफ/१.८ तिच्यापेक्षा ९.७ पट उजेड आत घेते, म्हणजे सव्वातीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). एपीएस-सी वरून फुल फ्रेमवर गेल्याने याच अ‍ॅपर्चरला मिळतो तो जेमतेम सव्वा स्टॉप. सगळे पैसे बॉडीत घालून वर पुन्हा एफ/३.५-५.६ ची झूम लावली तर हाती काय येतं, हे या दोन आकड्यांवरून ठरवा.

अर्थात एफ/१.८ ला फोकसची खोली कमी. चार जणांचा ग्रुप दोन रांगांत उभा असेल तर हा फायदा वापरता येणार नाही, तिथे फ्लॅश किंवा चांगला सेन्सरच हवा. स्थिर विषय असेल तर तिपाई लावा आणि आयएसओ १०० वर काढा. मग दहा वर्षांपूर्वीची बॉडीही पुरते.

माउंटबदल

लेन्स आधी घ्या हे मान्य, पण पुढे कुठल्या माउंटवर (लेन्स बसवण्याच्या जोडणीवर) जायचं ते ठरवून घ्या.

डीएसएलआरच्या लेन्स मिररलेसवर चालण्याचं कारण साधं आहे. आरसा नसल्याने माउंट सेन्सरच्या जवळ आलं. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ माउंटचं अंतर ४४ मिमी, मिररलेसच्या आरएफचं २० मिमी. मधले २४ मिमी अ‍ॅडॉप्टर भरून काढतो. निकॉन डीएसएलआरचं एफ ४६.५, मिररलेसचं झेड १६, म्हणून त्यांचा अ‍ॅडॉप्टर एफटीझेड ३०.५ मिमीचा. आत काच नसते, त्यामुळे चित्राच्या दर्जाला धक्का लागत नाही. उलट्या दिशेने, म्हणजे मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर, हे जमत नाही.

कॅननवाल्यांना हे सोपं आहे. ईएफ आणि ईएफ-एस (एपीएस-सी साठीच्या) दोन्ही लेन्स अ‍ॅडॉप्टरवर ऑटोफोकससह चालतात. फक्त ईएफ-एस लावली की फुल फ्रेम बॉडी कापलेली फ्रेम देते: आर५ वर ४५ चे १७ मेगापिक्सेल, आर६ वर २० चे ८ सुद्धा उरत नाहीत. ईएफ-एस लेन्सच जास्त असतील तर एपीएस-सी मिररलेस घ्या. आणि फुल फ्रेम डीएसएलआर घेणार असाल तर ईएफ-एस त्यावर बसतच नाही.

निकॉनवाल्यांनी प्रत्येक लेन्सवरचं नाव वाचावं. एएफ-एस, एएफ-पी, एएफ-आय असेल तर एफटीझेडवर ऑटोफोकस चालतो. नुसतं एएफ किंवा एएफ-डी असेल तर त्या लेन्समध्ये मोटर नाही, बॉडीतल्या स्क्रूने ती फिरते. एफटीझेडमध्ये तो स्क्रू नाही, म्हणून फक्त हाताने फोकस. अशा चार-पाच चांगल्या लेन्स असतील तर डी७५०, डी८५० किंवा २०२० चा डी७८० हाच शहाणा मार्ग. डीएक्स (निकॉनच्या एपीएस-सी साठीच्या) लेन्स लावल्यावर २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर सुमारे १० उरतात, ४५ वर १९.

सिग्मा आणि टॅमरॉनच्या लेन्सना कधी कधी फर्मवेअर (लेन्समधलं सॉफ्टवेअर) बदलावं लागतं. ज्या मॉडेलांना यूएसबी डॉक किंवा टॅप-इन (लेन्स संगणकाला जोडणारं उपकरण) लागतो त्यांचं घरी होतं. त्याआधीच्या लेन्स अ‍ॅडॉप्टरवर प्रत्यक्ष लावून बघितल्याशिवाय बॉडी घेऊ नका. सोनी ए माउंटच्या स्क्रूवाल्या लेन्ससाठी एलए-ईए५ हा अ‍ॅडॉप्टर आहे, पण स्क्रूचा ऑटोफोकस मोजक्या बॉडींवरच मिळतो. पेंटॅक्सवाल्यांपुढे हा प्रश्नच नाही: त्यांच्या लेन्ससाठी के-३ मार्क ३ हा डीएसएलआर २०२१ मध्ये आला.

पानकावळा

पक्षी, खेळ, पळणारी मुलं. इथे मात्र जुनी बॉडी खरोखर अडवते आणि लेन्स बदलून भागत नाही.

निकॉन डी९० ला ११ फोकस बिंदू, ५डी मार्क २ ला ९ आणि त्यातला क्रॉस प्रकारचा (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा) फक्त मधला. पक्षी फ्रेमच्या कडेला गेला की पकड सुटते. २०१६ च्या डी५०० ला १५३ बिंदू, सेकंदाला १० फोटो आणि एक्सक्यूडी कार्डावर सलग २०० रॉ. ज्याच्याकडे निकॉनच्या मोठ्या टेलिफोटो आहेत त्याला वापरलेला डी५०० आजही मोठी झेप देतो. मिररलेसमध्ये बिंदू जवळजवळ पूर्ण फ्रेमभर असतात आणि डोळा ओळखून कॅमेरा स्वतः पाठलाग करतो. उडत्या पक्ष्यांसाठी हा बदल सेन्सरच्या बदलापेक्षा मोठा आहे.

सावधगिरी दोन गोष्टींची. सायलेंट शटर वापरताना सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. साध्या सेन्सरला त्यात १/२० सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, तेवढ्यात पंख वाकडे होतात. त्या बॉडींवर यांत्रिक शटरच ठेवा. दुसरी बॅटरी. सीपा (जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांची संघटना) चाचणीत डी८५० एका चार्जवर १८४० फोटो देतो, झेड ७ फक्त ३३०. सलग फोटो काढताना प्रत्यक्ष आकडा बराच जास्त येतो, पण तासन् तास व्ह्यूफाइंडर चालू ठेवून पक्ष्याची वाट पाहण्यातच बॅटरी जाते. दोन जास्तीच्या बॅटऱ्या खर्चात धरा. कॅननची जुनी एलपी-ई६ बॅटरी आर५ मध्ये चालते, पण सलग फोटोंचा वेग कमी होतो.

मंडप

समारंभाचं काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात. बॉडी बदलण्याचं सर्वांत सबळ कारण दोन कार्डांची सोय (प्रत्येक फोटो एकदम दोन्ही कार्डांवर) हे आहे. एकच खाच असलेल्या बॉडीवर पुन्हा न घडणारा प्रसंग टिपणं धोक्याचं आहे, मग सेन्सर कितीही चांगला असो.

जुना फ्लॅश नव्या बॉडीवर चालतो, पण त्याचा लाल फोकस-साहाय्यक किरण मिररलेस बॉडी साधारणपणे वापरत नाहीत. अंधाऱ्या सभागृहात हे पहिल्यांदा प्रत्यक्ष कामात कळू नये, आधी घरी दिवे घालवून पाहा. एलईडी रोषणाईत सायलेंट शटरने आडवे पट्टे येतात, ते नंतर निघत नाहीत.

आणि नवी बॉडी आली त्याच आठवड्यात जुनी विकू नका. काही कामं दोन्ही बरोबर न्या, दोन्हींची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा म्हणजे फोटो क्रमाने लागतात. बोटांना नव्या बटणांची सवय होईपर्यंत हाताशी जुनी असलेली बरी.

स्क्रूड्रायव्हर

वापरलेली बॉडी घेणाऱ्यांसाठी आणखी दोन चाचण्या. एफ/१६ वर, फोकस हलवून, मोकळ्या आकाशाचा फोटो: सेन्सरवरची धूळ आणि तेलाचे ठिपके दिसतात. धूळ साफ होते, पण थोड्याच दिवसांत एका कोपऱ्यात ठिपके पुन्हा जमत असतील तर ते शटरमधून उडत आहेत. मग लेन्सला झाकण लावून, आयएसओ १६०० ला ३० सेकंद, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवून एक फोटो: तुरळक रंगीत ठिपके चालतील, आखीव रेघ दिसली तर बॉडी घेऊ नका.

घरात राहणाऱ्या जुन्या बॉडीचं एक चांगलं पुनर्वसन म्हणजे इन्फ्रारेड. सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच काढून तिथे योग्य फिल्टर बसवतात. इन्फ्रारेडचा फोकस वेगळ्या ठिकाणी पडतो, म्हणून लाइव्ह व्ह्यू असलेली बॉडीच त्यासाठी निवडा. नुसती ठेवायची असेल तर बॅटरी काढून अर्धी भरलेली ठेवा, बॉडी ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर, आणि बुरशी लागलेली लेन्स त्या डब्यात अजिबात नको.