लिफ्ट बंद झाल्यावर सातव्या मजल्यावरच्या माणसाने काय करायचं?

मंजिरी, पाथर्डी फाटा
गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत आगीची मॉक ड्रिल झाली. भोंगा वाजला, लिफ्ट बंद केली, सगळे जिन्याने उतरले. माझे बाबा व्हीलचेअरवर असतात. आम्ही दोघं सातव्या मजल्यावर जिन्यापाशी थांबलो. खालून माईकवर आवाज आला, "सगळे सुखरूप उतरले!" बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी खुर्ची वळवली आणि घरात गेले.

नंतर विचारलं तर उत्तर मिळालं, "त्यांनी वरच थांबायचं, कोणीतरी येईल." कोण येईल, हे एकालाही सांगता आलं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 8 सांगतं की धोक्याच्या आणि आपत्तीच्या प्रसंगी दिव्यांगांना इतरांइतकंच संरक्षण मिळालं पाहिजे. आमच्याकडे गेटपाशी रॅम्प आहे, बस. आत येण्याची सोय केली, बाहेर पडण्याची कोणी करायची?

दत्ताकाका, इंदिरानगर
ताई, वाचून वाईट वाटलं. पण मी आमच्या सोसायटीचा हिशेब बघतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. 28 फ्लॅट, त्यातले पाच-सहा कायम थकबाकीदार. लिफ्टची दुरुस्ती, पाण्याचे टँकर, गच्चीची गळती. त्यात बाहेरून रॅम्प बांधा म्हटलं तर पैसा आणि जागा आणायची कुठून? आणि हे नियम शिफारशीवजाच असतात ना? त्यापेक्षा अशा कुटुंबांनी तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर घर घ्यावं. कटू वाटेल, पण सुरक्षित तेच.

मंजिरी
काका, बाबांना पक्षाघात झाला तेव्हा घर घेऊन अकरा वर्षं झाली होती. सातवा मजला आम्ही हौसेने घेतला, आजार हौसेने घेतला नाही. आणि शिफारशीचं म्हणाल तर नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमका तोच मुद्दा खोडून काढला. सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना इमारती आणि सोयी वापरता येण्याचे, निकष नुसते मार्गदर्शक ठेवणारा नियम 15 याच 2016 च्या कायद्याशी विसंगत ठरवला आणि सरकारला बंधनकारक निकष करायला सांगितलं.

वास्तुरचनाकार, गंगापूर रोड
रॅम्पवर भांडू नका, तो इथे उपाय नाहीच. उतार 1:12 (12 मीटर लांबीला 1 मीटर चढ) धरला तर तीन मीटरच्या एका मजल्याला 36 मीटर रॅम्प लागतो, वर मधले सपाट टप्पे वेगळे. सात मजल्यांचं गणित तुम्हीच करा. खरं काम जिन्यात आहे. धूर अडवणारं दार नीट मिटतं का, ते बसल्या जागेवरून उघडता येतं का, आणि आतल्या चौकात, म्हणजे पायऱ्यांमधल्या सपाट जागेत, खुर्ची थांबली तरी बाकीच्यांना उतरायला वाट उरते का. निम्म्या इमारतींत ते दार विटेचा तुकडा लावून उघडं ठेवलेलं असतं. मग धूर जिन्यात शिरतो आणि थांबण्याची सुरक्षित जागाच उरत नाही.

जिन्यावरून घसरत उतरणारी खास खुर्चीही मिळते. ती चालवायला शिकलेला एक माणूस ती सांभाळू शकतो, मात्र वळणावर तिरक्या पायऱ्या असतील तर ती अडते. घेण्याआधी जिना मोजा.

निवृत्त फायरमन, नाशिकरोड
उचलून आणण्याचा उत्साह नको. चार जण खुर्ची धरून उतरायला लागले की जिना अडतो, एकाचा पाय घसरला तर पाचही जण पडतात. आग आपल्या घरात नसेल आणि जिन्यात धूर असेल तर दार लावा, फटीत ओले कपडे कोंबा, रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत या, 101 ला फोन करून मजला आणि फ्लॅट नंबर सांगा. गाडी आली की आमचा पहिला प्रश्न असतो, "आत कोण राहिलंय?" त्याचं उत्तर वॉचमनकडे लिहून ठेवा.

दत्ताकाका
यादीला माझा विरोध आहे. कोणाच्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय हे केबिनमध्ये टांगलं तर उद्या चोरालाही कळेल.

कर्णबधिर वाचक, सिडको
मला भोंगा ऐकूच येत नाही. रात्री एकटा असतो. यादीत माझं नाव घाला, मी स्वतः लिहून देतो. घरात चमकणारा दिवा बसवला तर आणखी बरं.

जुन्या नाशकातली एक
तुम्ही टॉवरचं बोलताय. आमच्या वाड्याचा जिना लाकडी, एका वेळी एकच माणूस चढेल एवढा. आजी दोन वर्षांत खाली आलेली नाही. गल्लीत बंब शिरत नाही. आमच्यासाठी कोणता कायदा, हे कोणी सांगेल का?

निवृत्त फायरमन
ताई, आजींची खोली खाली हलवता येते का, ते आधी बघा. वाड्याच्या बाबतीत मी काकांच्याच बाजूचा. सोसायटीवाल्यांना मात्र सूट नाही. 2006 च्या राज्याच्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. त्याच वेळी यादी नवी करा, बंद पाकिटात ठेवा. पाकीट फक्त बंबाच्या माणसाने फोडायचं.

दत्ताकाका
बंद पाकीट चालेल. खुर्चीच्या खर्चाला आजही नाहीच म्हणेन, आधी जिना मोकळा करू.

मंजिरी
मान्य. आमच्याकडे सहाव्या मजल्याच्या चौकात चपलांचं कपाट आणि दोन सायकली आहेत. आज रात्री बाबांना घेऊन ते सामान ज्यांचं आहे त्यांच्या घरी जाते. बोलणार बाबाच आहेत.