प्रीमियर पद्मिनीचे शॉकॲब्सॉर्बर बदलताना तेलाचे घ्यावेत की गॅसचे?

कोलशेतकर:
नमस्कार. वडिलांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्या घरी अजून चालती आहे. घोडबंदर रस्त्यावरचा खड्डा ओलांडला की मागची बाजू बराच वेळ हिंदकळत राहते आणि डाव्या शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा ओघळ धुळीसकट चिकटलेला दिसतो. वागळे इस्टेटमधील एका गॅरेजने हल्लीच्या एका छोट्या मोटारीचे गॅसचे (आत तेलासोबत दाबाने गॅस भरलेले) नग ‘जमवून’ बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर मूळ मापाचे, पण जुन्या साठ्यातील नग मिळत आहेत. आहेत तेच उघडून सील (तेल अडवणारे रबरी कडे) व तेल बदलणे हा तिसरा मार्ग. गाडी प्रदर्शनासाठी नसून कुटुंबासह पनवेलपर्यंत जाण्यायेण्यासाठी आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नौपाड्याचा मिस्त्री:
साहेब, गॅस की तेल हे नंतर पाहू. आधी लांबी पाहा. आपल्या गाडीचा मागचा अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा आस) पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पात्यांच्या स्प्रिंगवर, बसलेला आहे. जॅकने बॉडी उचलल्यावर तो जिथवर खाली लोंबतो आणि माणसे व सामान भरल्यावर रबरी बंपस्टॉपपर्यंत (ॲक्सलला आणखी वर येण्यापासून अडवणाऱ्या ठोकळ्यापर्यंत) जिथवर वर येतो, त्या दोन टोकांमधला सगळा प्रवास शॉकॲब्सॉर्बरला स्वतःच्या टोकाला न भिडता करता आला पाहिजे. मिटलेली लांबी जास्त असली, तर बंपस्टॉप टेकण्याआधीच आतला दांडा तळाला आदळतो आणि तो दणका थेट बॉडीच्या जोडाला बसतो; खाडीच्या हवेत चाळीस वर्षे काढलेल्या पत्र्याला तो सोसणार नाही. उघडलेली लांबी कमी पडली, तर चाक खड्ड्यात उतरताना ॲक्सलचा भार दांड्यावर लटकतो. ‘जमवून’ म्हणजे बुशचा डोळा (टोकाचे, रबरी बुश बसवलेले बोल्टचे कडे) कापून वेल्डिंग करणार असतील, तर स्पष्ट नकार द्या. त्या उष्णतेने सील जळते आणि दाबाने गॅस भरलेल्या नळीला आच लावणे जिवावर बेतू शकते.

गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. शॉकॲब्सॉर्बर फक्त तिची हालचाल मुरवतो. पाट्यांची पाती एकमेकांवर घासतात, त्यामुळे थोडी हालचाल तिथेच मुरते. त्यावर जादा कडक नग बसवला, तर मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या कमरेला रस्त्याचा प्रत्येक सांधा जाणवेल. माझे मत मूळ मापाच्या, साध्या तेलाच्या जोडीलाच आहे.

ऐरोलीची फियाट:
मिस्त्रीकाकांशी सहमत आहे, परंतु जुना साठा पारखूनच घ्यावा, कारण सीलचे रबर न वापरताही वयाने कडक होते. दुकानातच नग गाडीत बसतो तसा उभा धरून काही वेळा पूर्ण दाबा आणि पूर्ण ओढा. आडवा पडून राहिलेल्या दुहेरी नळीच्या नगात आतल्या नळीत हवा शिरते, त्यामुळे सुरुवातीला हात पोकळ जातो. तो दोष नव्हे. नंतरही पोकळपणा राहिला, किंवा दांड्यावर नखाला लागेल एवढा गंजाचा ठिपका सापडला, तर नग परत ठेवा, कारण तोच ठिपका पुढे सील कापतो. ओढताना दाबण्यापेक्षा जास्त जोर लागणे मात्र योग्यच आहे. उघडून दुरुस्त करण्याचा मार्ग मी सुचवणार नाही: नळीचे तोंड बहुधा दुमडून बंद केलेले असते, ते कापावे लागते, आणि दोन्ही बाजूंना सारख्याच घट्टपणाचे व सारखेच तेल भरले जाईल याची खात्री राहत नाही.

कोलशेतकर:
दोघांचेही आभार. कमी दाबाचा गॅस असलेले नग मूळ लांबीत मिळाले, तर चालतील का? आणि फक्त डावा बदलला तर?

नौपाड्याचा मिस्त्री:
लांबी आणि डोळ्याचे माप जुळत असेल, तर कमी दाबाचा गॅस चालेल. खराब रस्त्यावर सलग चालताना तेलाला फेस येण्याचे प्रमाण त्याने कमी होते. एकच बाजू मात्र बदलू नका. नवा व थकलेला नग एका ॲक्सलवर असला, की वळणावर आणि ब्रेक लावताना गाडी दोन्ही बाजूंना वेगवेगळी वागते. खरेदीआधी पाट्यांचे बुश आणि एखादे पाते तुटलेले नाही ना, हेही पाहून घ्या. बसवताना रबरी बुशचे बोल्ट जॅकवर नुसते हाताने लावा आणि गाडी चाकांवर उतरवल्यावरच आवळा, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते.