उमेदवारच नाही अशी निवडणूक चालेल का?

दादरकर७२: मंडळी, ऑफिसातल्या एका बहाई धर्माच्या सहकाऱ्याने सांगितलं तेव्हापासून डोक्यात घोळतंय. दरवर्षी एप्रिलात रिजवानच्या सणाला त्यांची ९ जणांची स्थानिक आध्यात्मिक सभा निवडतात आणि उमेदवार कोणीच नसतो! प्रार्थना होते, कागद हातात येतो, त्यावर आपल्या मनाने ९ नावं लिहायची, घडी घालून पेटीत. प्रचार बंद, आणि कोणाला मत दिलं हे बायकोलाही सांगायचं नाही. आमच्या सोसायटीत कमिटीच्या निवडणुकीआधी गच्चीवर बिर्याणी होते, मग लिफ्टमध्ये वर्षभर कोणी कोणाकडे बघत नाही. मला तर त्यांची पद्धत पटली.

कुर्ला_लोकल: काका, मग माणसं ओळखणार कशी? जो प्रत्येक कार्यक्रमात पुढे पुढे करतो, गोड बोलतो, त्याचंच नाव आठवणार ना. बिनबॅनरचा प्रचारच झाला की हा. आणि मला ८च माणसं लायक वाटली तर?

दादरकर७२: मत बाद. नऊ म्हणजे नऊच. शेवटच्या जागेला मतं सारखी पडली आणि दोघांतला एकच अल्पसंख्याक असेल तर जागा सरळ त्याला, नाहीतर त्या दोघांपुरतं पुन्हा मतदान. हे कुठे बघितलंय का तुम्ही?

पार्लेकरीण: छान छान, पण इस्रायलमधल्या हैफातल्या विश्व न्याय मंदिराचं, म्हणजे त्यांच्या जगभरच्या सर्वोच्च सभेचं, बोला ना. १९६३ पासून दर ५ वर्षांनी निवडणूक, मत देणारे जगभरच्या राष्ट्रीय सभांचे सदस्य, त्यात बायकाही असतात, पण निवडून येणार ते ९ही पुरुषच. स्त्री-पुरुष समान म्हणणाऱ्या धर्मात हे कसं चालतं?

दादरकर७२: हे मलाही खटकतं. त्या सहकाऱ्याला विचारलं तर म्हणाला धर्मग्रंथातच तसं आहे, बदलता येत नाही. खालच्या सभांवर मात्र बायका असतात.

कुर्ला_लोकल: आणि निवडून आलेले मतदारांना जबाबदार नाहीत म्हणे, फक्त देवाला आणि स्वतःच्या विवेकाला. मग निवडणूक कशाला?

दादरकर७२: बोलायला बंदी नाही हो, दर १९ दिवसांनी सगळे जमतात तिथे सभेला सूचना करता येतात. आणि स्थानिक सभा वर्षाची, नाही पटलं तर पुढच्या एप्रिलात दुसरी नावं लिहा.

पार्लेकरीण: आमच्या सोसायटीत कोरा कागद दिला तर निम्मे लोक नावांऐवजी टाकीच्या पाण्याची तक्रार लिहून देतील.