म्हणे एजीव्ही आणा, अपघात शून्य!

चाकणचा_मेंटेनन्सवाला: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, फोर्कलिफ्ट भंगारात काढा, एजीव्ही (आपोआप चालणारी, बिनड्रायव्हरची माल वाहणारी गाडी) आणा, अपघात शून्य. शॉपफ्लोअरवर कधी उभे राहिलात का? एजीव्हीच्या सेफ्टी स्कॅनरचा किरण जमिनीपासून वीतभर उंचीवर, एकाच पातळीत फिरतो. माणसाचा पाय दिसला की गाडी थांबते. पण शेजारच्या फोर्कलिफ्टचे फोर्क, म्हणजे माल उचलायचे काटे, कमरेइतके वर असतील तर तिच्या लेखी समोर मोकळं मैदान! आमच्याकडे अशीच घुसली, वरची बिन (सुट्या भागांची पेटी) फाटली.

सेफ्टीवाली: पोस्ट माझीच. तुमची बिन फाटली, आमच्याकडे फोर्कलिफ्टखाली ठेकेदाराच्या पोराचं पाऊल गेलं. समोर मालाच्या पॅलेटवर पॅलेट, पुढचं दिसेना, ड्रायव्हर डबल ड्यूटीवर, मान वाकडी करून चालवत होता. एजीव्हीला झोप येत नाही. आणि एकाच लेनमध्ये दोन्ही सोडल्या तर दोष गाडीचा? बिनड्रायव्हर गाड्यांच्या सुरक्षेचं मानक, आयएसओ ३६९१-४ वाचा, मार्गाच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर मोकळा लागतो.

टूलरूम_काका: अर्धा मीटर! आमच्या गँगवेत (ये-जा करायच्या वाटेत) रिजेक्ट मालाच्या बिना ठेवून जेमतेम ट्रॉली जाते. एजीव्हीला वाट दाखवणारी जमिनीवरची मॅग्नेटिक टेप तर उखडतेच, फ्लोअरला खड्डे. अमेरिकेत १९५० च्या दशकात बिनड्रायव्हरची गाडी धावली, आम्ही अजून खड्ड्यांवर इपॉक्सीचा लेप थापतोय.

तळेगाव_चौक_ग्रस्त: फ्लोअरचे खड्डे काय घेऊन बसलात? गेटच्या आत रोबो, गेटबाहेर तोच माल चौकात तासभर. जस्ट इन टाइमची (माल ऐन वेळेवर पोचवण्याची) आरती तिथे करा.

चाकणचा_मेंटेनन्सवाला: विषय काय, बोलताय काय!

तळेगाव_चौक_ग्रस्त: जड माल सुरक्षित हलवणे, हाच ना? परवा स्टीलच्या कॉइलच्या ट्रेलरमागे मी दुचाकीवर. कॉइलला साखळी एकच, तीही सैल. ती घरंगळली असती तर तुमचा आयएसओ आला असता का?

टूलरूम_काका: आणि सर्व्हिस रोडवर कंटेनर उभे! फर्स्ट शिफ्टला सहाला निघूनही लेट मार्क. तो कोण भरून देणार?

सेफ्टीवाली: काका, लेट मार्कचा वेगळा धागा काढा.

टूलरूम_काका: तुम्ही कंपनीच्या एसी बसने येता, तुम्हाला काय कळणार!

फोर्कलिफ्टवाला: मान वाकडी करणारे आम्हीच. एजीव्ही आली आणि मला पॅकिंगला टाकलं, ओव्हरटाइम गेला. आता ती अडकली की मलाच हाक, "जा, रिसेट मार." मानतो, माणूस आडवा आला की थांबते. माझ्या सुपरवायझरपेक्षा बरी.

चाकणचा_मेंटेनन्सवाला: रिसेट मारताना फोर्क वर आहेत का ते बघा, एवढीच विनंती.

सेफ्टीवाली: वेगळी लेन आखून दिली तर मानाल?

चाकणचा_मेंटेनन्सवाला: आखा की. बिना तुमच्या केबिनमध्ये ठेवतो.